अर्धा नकार

एकदा एक वृद्ध पाणबुड्या कोकणातल्या एका खाडीच्या मुखाशी राहत असे आणि लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवीत असे. तरुणपणी तो नौदलात होता. निवृत्तीनंतर मुंबईत घर घ्यायचे सोडून त्याने गावात एक बोट घेतली, म्हणून नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढले होते. गाव त्याला अण्णा म्हणत असे, तेव्हा आपणही अण्णाच म्हणू.

अण्णांच्या शाळेत पाण्याचा धडा उशिरा येई. आधी सामानाचा धडा. मास्क विकत घेताना त्याचा पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो टिकला तर तो तुमचा, पडला तर तो दुकानदाराचा, असे ते सांगत. नवे सामान घेऊन थेट खोल समुद्रात जायचे नाही, आधी उथळ पाण्यात त्याच्याशी ओळख करून घ्यायची. समुद्रातून आले की सगळे गोड्या पाण्यात भिजवायचे आणि सावलीत वाळवायचे. वर येताना आपल्याच सर्वांत लहान बुडबुड्याच्या पुढे जायचे नाही. सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा, कारण बुडी मारून लगेच विमानात बसणारा माणूस आपल्या रक्ताशी खेळतो. आणि नाक चोंदलेले असेल तर बोटीत चढायचेच नाही. सर्दीची गोळी घेऊन तर मुळीच नाही. गोळी वर साथ देते आणि खाली गेल्यावर सोडून जाते, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटले होते की किनाऱ्यावरच्या चहावाल्यालाही ते पाठ होते.

पण या सगळ्यांच्या वर त्यांचा एक नियम होता, तो अंगठ्याचा. जमिनीवर आपण अंगठा उभा करतो तो 'झकास' म्हणून. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' एवढाच होतो. एकाने अंगठा दाखवला की बाकीच्यांनी अंगठ्यानेच उत्तर द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून वर यायचे. का, असे विचारायचे नाही. पाण्यात नाही, बोटीत नाही, आणि किनाऱ्यावर चहा पिताना गंमत म्हणूनसुद्धा नाही. ज्याला कारण द्यावे लागते तो कारण जुळेपर्यंत खालीच राहतो, असे अण्णांचे म्हणणे होते.

आता आपल्याकडे सरळ 'नाही' म्हणण्याची रीत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवे असे नाही. आपण 'बघू' म्हणतो, 'जमवू' म्हणतो, 'तसं काही नाही हो' म्हणतो. पंगतीत पानावर आडवा हात धरून 'नको, नको' म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी पडतेच, आणि वाढणाऱ्यावर कोणी रागावत नाही, कारण तो नकार किती पातळ आहे ते दोघांनाही ठाऊक असते. जेवणात हे शोभून दिसते. पोट बिघडले तर बिघडले, माणूस काही मरत नाही.

अण्णांचा एक शिष्य होता, हेरंब. सहा हंगाम तो त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. पाण्यात तो इतका शांत असे की मासे त्याच्या अंगाला खेटून जात. त्या वर्षी डॉक्टरांनी अण्णांचे हृदय तपासून सांगितले की उथळ पाण्यापलीकडे आता उतरायचे नाही. मग शाळा चालणार कशी? हेरंबने माणसांना खोल पाण्यात न्यायचे, तरच ती चालणार होती. नाहीतर बोट विकून कुलूप लावायचे. हे अण्णा बोलले नव्हते, पण दोघांनाही ते पक्के ठाऊक होते.

पहिलीच मंडळी आली ती इचलकरंजीहून. रावसाहेब मगदूम हे सुताचे मोठे व्यापारी, आणि त्यांची मुलगी शलाका. दोघांनी परदेशात एका बेटावर रीतसर शिक्षण घेऊन दाखला मिळवला होता. रावसाहेबांना खोल समुद्रातला कासवखडक पाहायचा होता. तो मनासारखा दिसला तर पुढच्या आठवड्यात मित्रांची दहा जणांची तुकडी ते इकडे आणणार होते. त्या दहा जणांवर शाळेचा हंगाम निघाला असता. म्हणजे हेरंबची परीक्षा आणि शाळेचे भवितव्य एकाच दिवशी येऊन ठेपले, आणि नेमकी त्याच वेळी हेरंबला सर्दी झाली.

काय दैव म्हणायचे! सहा वर्षांत एक शिंक आली म्हणून ज्याने कितीतरी गिऱ्हाइके किनाऱ्यावरून परत पाठवली, त्याच माणसाचे नाक आता चोंदले. पहिल्या दिवशी त्याने गरम पाण्याची वाफ घेतली. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली. नाक सुटले तसे त्याने मनाशी म्हटले की ही खरी सर्दी नव्हेच, हवा बदलली आहे इतकेच. आपण स्वतःशी जितके गोड खोटे बोलतो तितके शत्रूशीही बोलत नाही.

कासवखडकाला जायच्या आदल्या दिवशी सगळे खाडीजवळच्या उथळ पाण्यात सामान तपासायला उतरले. रावसाहेबांचे सामान डोळे दिपवणारे होते: वल्ह्यांसारखे लांबलचक फिन्स, पायाला सुरी, हातात कॅमेरा. पण मास्कमध्ये पाणी शिरत होते, कारण त्यांची मिशी भरघोस होती आणि मास्कची कड तिच्यावर टेकत होती. अण्णांनी नाकाखालची बोटभर मिशी काढायला सुचवले. रावसाहेब म्हणाले की मिशी आजोबांपासून चालत आली आहे, मास्क परवा आणलाय. शेवटी व्हॅसलीनवर तडजोड झाली. शलाका हसून हसून पाण्यात बसली, आणि हेरंबलाही जरा हलके वाटले.

उतरायला सुरुवात झाली. पाणी स्वच्छ होते, तळाची वाळू दिसत होती, हवेचे काटे भरलेले होते. जेमतेम दोन पुरुष खोल गेले असतील तोच अण्णांनी अंगठा वर केला. हात पूर्ण ताठ, डोक्याच्या वर. हेरंबने चहूकडे पाहिले. काहीही बिघडलेले नव्हते. रावसाहेबांनी दोन्ही तळवे उलगडून 'का?' असे विचारले. अण्णांचा अंगठा तसाच. मग सगळे वर आले.

रावसाहेब बोटीला धरून तोंडातली नळी काढत म्हणाले, झालं काय एवढं? अण्णा म्हणाले, मन घेईना. बस, एवढेच. ना खेद, ना खुलासा. पुन्हा उतरू या का, असे रावसाहेबांनी विचारले, तर अण्णा म्हणाले, आज नाही. आणि ते बोटीत चढून अंग पुसत बसले.

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढ्या लांबून आलेला माणूस, उद्याच्या दिवसावर सगळे अवलंबून, आणि म्हाताऱ्याने कारण नसताना भर पाण्यातून सगळ्यांना माघारी आणावे? किनाऱ्यावर रावसाहेब शलाकेला हळूच म्हणाले की वय झालं की माणूस पाण्याला भितो. हळूच म्हणाले, पण हेरंबला ऐकू जाईल इतपत. त्याने गुरूची बाजू घेतली नाही. उलट सामान धुताना, जो प्रश्न त्या शाळेत कधीच विचारला जात नव्हता, तोच त्याने विचारला. अण्णांनी हातातला मास्क खाली ठेवला आणि त्याच्याकडे इतका वेळ पाहिले की त्यालाच खाली बघावे लागले.

मग अण्णांनी विषय बदलला. उद्या तू पुढे, मी बोटीत बसेन, म्हणाले. तब्येत कशी आहे, तेही विचारले. आवाज जरा बसल्यासारखा वाटला होता त्यांना. हेरंबने हात पुढे धरून तळवा जरासा डावी-उजवीकडे हलवला, आपण 'चाललंय' म्हणताना हलवतो तसा. अण्णांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी समुद्र कसा पडलेला होता, आरशासारखा. बोटीवर सुकाणू धरणारा तांडेल, अण्णा, बाप-लेक आणि हेरंब. हेरंबने सकाळी गोळी घेतली होती, आणि नाक मोकळे होते. त्याने एकेकाचे सामान तपासले. शलाकेने त्याचे तपासले, अगदी पुस्तकाबरहुकूम: हवा, पट्टे, शिशाची वजने, जॅकेट. शेवटी तिने दोन बोटांचा गोल करून विचारले, ठीक? त्यानेही तसाच गोल केला. अण्णा हे सगळे पाहत होते.

नांगराच्या दोराला धरून तिघे उतरू लागले. पुढे हेरंब, त्याच्यामागे शलाका, वर रावसाहेब. उतरताना दर हातभर अंतरावर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे असते, म्हणजे कान आतून उघडतात. डावा कान उघडला. उजवा उघडेना. हेरंब हातभर वर सरकला, मान तिरकी केली, पुन्हा फुंकले. कुठेतरी बारीक किणकिण झाली, आणि थोडे सुटले. तो खाली गेला. पुन्हा बंद. आता कानात कोणी अंगठा दाबून धरल्यासारखे दुखत होते.

वर शलाका थांबली होती आणि मोठ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती. ती मुलगी त्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करत उतरत होती. तो जिथे जाईल तिथे ती जाणार होती, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसले. आणि तिचा बाप तिच्यामागे. आपण भोवळ येऊन भलतीकडे गेलो तर ही दोघे आपल्यामागे येतील, आणि मग त्यांना वर कोण आणणार? अंगठा दाखवायचा, एवढेच काम होते. हात वर जाईना. त्याला दिसले ते कुलूप, दिसली ती विकलेली बोट, आणि किनाऱ्यावरचे ते वाक्य, वय झालं की माणूस पाण्याला भितो. मला तर वयही झालेले नाही, त्याला वाटले, माझ्याबद्दल हे काय म्हणतील?

मग त्याने मधली वाट काढली. पाण्याखाली 'काहीतरी बिघडले आहे' याची एक खूण असते: तळवा सपाट धरून डावी-उजवीकडे हलवायचा, आणि मग जिथे बिघडले तिथे बोट दाखवायचे. हेरंबने तसा हात हलवला आणि कानाकडे बोट दाखवले. मनात असे की हे समजून घेतील, थोडा वेळ थांबतील, आणि अंगठा न दाखवताच आपण निभावून नेऊ.

रावसाहेबांनी ती खूण पाहिली. परदेशात ते शिकले होते खरे, पण तो हात तर जन्मभर ओळखीचा होता! बाजारात, लग्नात, दुकानाच्या गादीवर, कुणी कसं काय विचारलं की हात तस्साच हलतो: चाललंय, बरं आहे. त्यांना वाटले, हा पोरगा आपले कान कसे आहेत ते विचारतोय आणि माझे बरे आहेत असे सांगतोय. त्यांनीही कानाकडे बोट दाखवले, बोटांचा गोल केला, खाली खडकाकडे इशारा केला आणि शलाकेचा हात धरून हेरंबच्या शेजारून सरळ खाली गेले.

क्षणापूर्वी हेरंब पुढे होता, आता ती दोघे त्याच्या पायांखाली निळ्या पाण्यात लहान होत चालली होती. नेता वर आणि गिऱ्हाईक खाली. सहा वर्षांत असे कधी घडले नव्हते. तो त्यांच्या मागे निघाला. कान किंचाळत होता, तरी निघाला. नाक दाबून त्याने जोर लावला, मग आणखी जोर लावला. अण्णांनी हजारदा बजावलेली गोष्ट ती, की कानाला जोर करायचा नाही. पण खाली एक पोर होती.

कानात काहीतरी टचकन फुटले. दुखणे एकदम थांबले, आणि तेच भयंकर होते, कारण थंड पाणी आत शिरले आणि समुद्र फिरू लागला. खडक वर गेला, प्रकाश खाली आला, बुडबुडे आडवे पळू लागले. कुठे वर आणि कुठे खाली हे कळेना. हेरंबने दोन्ही हातांनी नांगराचा दोर धरला, डोळे घट्ट मिटले आणि फक्त श्वास मोजायला लागला. पोटातून उमळून येत होते. तोंडातली नळी सुटली तर संपले, एवढे त्याला कळत होते. त्याला भीती वाटली, अगदी उघडीनागडी भीती.

हळूहळू पाणी कानात कोमट झाले आणि जग फिरायचे थांबले. त्याने डोळे उघडले. खाली रावसाहेब खडकापाशी कॅमेरा लावून बसले होते आणि शलाका त्यांच्याशेजारी तरंगत वर पाहत होती. हेरंबने कमरेची लोखंडी कडी काढली आणि आपल्याच पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ठणठण वाजवली. आवाज पाण्यात चांगला जातो. दोघांनी वर पाहिले. तेव्हा त्याने एका हाताने दोर धरून ठेवला आणि दुसरा हात डोक्यावर सरळ ताठ केला. अंगठा.

रावसाहेबांनी तळवे उलगडले, का? हेरंबचा हात हलला नाही. त्यांनी कॅमेरा दाखवला, आणि पाच बोटे दाखवून थोडे थांब म्हणून विनवले. हात हलला नाही. त्याला तेव्हा कोणतेही कारण सांगता आले नसते, आणि सांगायची इच्छाही उरली नव्हती. शलाकेने बापाकडे पाहिले, मग हेरंबकडे पाहिले. मग तिने अंगठा उभा करून उत्तर दिले आणि हळूहळू दोराकडे पोहत वर येऊ लागली. पोरगी निघाली म्हटल्यावर बाप काय करणार? आला तोही, पण त्याचे डोळे मास्कमागे लाल झाले होते.

वर जाताना थोड्या उथळ पाण्यात काही मिनिटे थांबावे लागते, म्हणजे रक्तात मुरलेला वायू शांतपणे निघून जातो. ती मिनिटे काही सरत नव्हती. हेरंबला सुटून वर धाव घ्यावीशी वाटत होते. शलाकेने न सांगता त्याच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने दोर धरून ठेवला. रावसाहेब समोर तरंगत हातवारे करत होते. तिने बापाकडे पाहिलेच नाही.

पाण्याबाहेर डोके निघाल्याबरोबर रावसाहेबांचा बांध फुटला. कालही तेच, आजही तेच, ही काय शाळा आहे की पोरखेळ, असे काहीबाही ते बोलत होते, तोवर तांडेलाने हेरंबला वर ओढून घेतले होते. हेरंबने मास्क काढला. मास्कच्या काचेत रक्त होते, आणि उजव्या कानातूनही बारीक लाल ओघळ मानेवर आला होता. रावसाहेब बोलता बोलता थांबले.

"अरे, तू तर बरं आहे म्हणालास की!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कानाकडे बोट दाखवलंस आणि हात असा केलास." आणि त्यांनी तळवा सपाट धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला.

हेरंब त्या हाताकडे पाहत राहिला. त्यात खोट काढावी असे काही नव्हते. हुबेहूब त्याचीच खूण होती.

अण्णांनी विचारले काहीच नाही. त्यांनी कानावर कोरडा कापूस धरला, खांद्यावर टॉवेल टाकला, प्यायला पाणी दिले. ते पाहिल्यावर हेरंबला राहवले नाही. सर्वांदेखत तो म्हणाला, "अण्णा, मला परवापासून सर्दी होती. गोळी घेऊन उतरलो."

रावसाहेबांनी शलाकेला जवळ ओढले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. ते ओरडले असते तर हेरंबला सोपे गेले असते.

मग अण्णा बोलले. "सर्दीचं मला कळलं असतं तर तुझं तंगडं मोडून किनाऱ्यावर बसवलं असतं. पण मला कळलं नाही. काल मी तुला तब्येत विचारली. तू हात असाच हलवलास, आणि मी 'ठीक आहे' असं वाचलं. जन्म पाण्यात गेला माझा, ही खूण मीच तुला शिकवली, आणि तरी मी फसलो. मग रावसाहेबांना काय बोल लावू? आपल्या मुलखात हा हात म्हणजे 'चाललंय'. अर्धा नकार दिला, की समोरचा तो होकार म्हणूनच घेतो, कारण त्याला होकारच हवा असतो. तुझ्या त्या अर्ध्या खुणेवर मी ही दोन माणसं पाण्यात सोडली, हेरंबा. काल मला काही झालं नव्हतं. उथळ पाण्यात, काही बिघडलेलं नसताना, गिऱ्हाईक चिडलेलं असताना, चारचौघांत हसं होत असताना अंगठा कसा वर जातो, एवढंच तुला दाखवायचं होतं. पहिल्यांदा पुढे उतरणाऱ्या माणसापाशी काहीतरी लपवलेलं असतंच. ते त्याने मला सांगितलं नाही तरी चालेल. पण हात त्याला पूर्ण वर करता यावा. तू केलास. उशिरा केलास, कान घालवून केलास, पण केलास. म्हणून ही दोघं बोटीत आहेत."

रावसाहेबांनी मिशीवरचे पाणी पुसले आणि मान खाली घातली. काल पाण्याला भितो म्हणाले होते ते त्यांना आठवले असावे. तांडेलाने इंजिन सुरू केले आणि बोट किनाऱ्याकडे वळवली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कान पाहिला. पडद्याला भोक पडले होते. भरून येईल, म्हणाले, पण दोन-तीन महिने पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. हंगाम तेवढाच होता.

दवाखान्याच्या ओसरीवर रावसाहेब आणि शलाका बसून होते. रावसाहेब वाईट मनाचे नव्हते हो. उलट आता त्यांना या दोघांसाठी काहीतरी करावेसे वाटत होते, आणि त्यांना करता येण्यासारखे होते ते एकच. ते हेरंबला म्हणाले की मित्रांची तुकडी मी आणतोच, खोल जायचे नाही, उथळातच. तू पाण्यात नुसता पुढे उभा राहा, कानात बोळा घाल, बाकी आम्ही सांभाळून घेऊ. शेजारी अण्णा बसले होते. शाळेला यावर्षी दुसरे कोणी येणार नव्हते, आणि ते तिथे सगळ्यांनाच ठाऊक होते.

"एवढं जमेल ना?" रावसाहेबांनी विचारले. प्रेमाने विचारले.

'बघू' हा शब्द हेरंबच्या ओठांपर्यंत आला. किती सवयीचा, किती मऊ शब्द! त्याच्यामागे 'डॉक्टरांना विचारून सांगतो' हाही उभा होता. त्याने दोन्ही गिळले.

"नाही," तो म्हणाला.

रावसाहेब पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. आपल्याकडे 'नाही'च्या मागून काहीतरी येतेच, एखादे कारण, निदान एखादे ओशाळे हसू. हेरंबने काहीच जोडले नाही. रावसाहेबांचे तोंड 'का' म्हणायला उघडले. शलाकेने त्यांच्याकडे पाहिले. ते तोंड तसेच मिटले, आणि मग त्यांनी हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. शाळा बुडाल्याचे दुःखही त्यात होतेच, खोटे कशाला बोला. पण त्याहून मोठा असा एक आनंद होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि हेरंबला म्हणाले की आता माणसे पाण्यात न्यायला आपल्याकडे कोणीतरी तयार झाले आहे, फक्त न्यायला माणसे नाहीत. हेरंब हसला, आणि हसताना कान दुखला.

त्या आठवड्यात शाळेला कुलूप लागले आणि हंगामभर ते निघाले नाही. रावसाहेबांचे ते दहा मित्र आलेच नाहीत. दहाही जण आपापल्या घरी सुखरूप राहिले, आणि कोणामुळे, ते त्यांना कधीच कळले नाही.